जीप कण्हते म्हणून

मागच्या पावसाळ्यात आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख हुकली ती माझ्या जीपमुळे. आबा म्हणजे माझे वडील. टाकव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला एकटे राहतात. घराकडे जाणाऱ्या चढावर मागचं एक चाक चिखलात गरगर फिरत राहिलं आणि दुसरं जावयासारखं स्वस्थ बसून. आबा म्हणाले, भात कापल्यावर बघू. भात कापलं, मग लग्नसराई आली. मोतीबिंदू काही लग्नसराई बघत नाही. आणखी लांबवलंत तर नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून यंदा पावसाच्या आधीच मी लोणावळ्यात जीपला नवा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग, बसवून घेतला. लिमिटेड स्लिप म्हणतात त्याला. एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला कामाला लावतो. गॅरेजमधून बाहेर पडताना पहिलं वळण घेतलं आणि गाडी खालून कण्हली. सरळ रस्त्याला गप्प, वळली की कुरकुर.

मेकॅनिकला विचारावं तर तो माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर देतो. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, मान मात्र छान डोलावता येते. मेकॅनिकने आधी टायरची हवा तपासली, मग बेअरिंग खोललं, मग म्हणे, नवीन आहे, चालून चालून बसेल. शेजारणीने लिंबू-मिरची बांधली. नवऱ्याने गाणी मोठ्याने लावली. माझं डोकं फिरायचं तेवढं बाकी होतं.

तशीच आबांना ऑपरेशनसाठी आणायला गेले. अंगणात जीप वळवली, ती कण्हली, आणि आबांनी उचललेला पाय खाली ठेवला.

"म्या न्हाई बसायचो. कण्हत्या जनावराच्या मानंवर जू ठिवत न्हाईत."

"आबा, ही जीप आहे."

"आवाज त्योच हाय."

आता या माणसाशी काय बोलायचं? त्यांनी जन्मात कधी आजारी बैल जुंपला नाही, हे खरं. पण म्हणून लोखंडाची दया? संतापून रिकामी जीप घेऊन परतले. कार्ल्यापर्यंत प्रत्येक वळणावर ती कुरकुरत होती आणि मी तिच्यावर.

शेवटी तो भाग जिथून घेतला त्या पुण्यातल्या दुकानात मीच फोन लावला. तिथल्या माणसाने विचारलं, सोबतची छोटी बाटली तेलात घातली का? आतल्या चकत्या वळणावर एकमेकींवर घसरतात, ते औषध नसेल तर त्या ओरडतात. बाटली मेकॅनिकच्या फळीवर सीलबंद सापडली. "मला वाटलं तेलावर फ्री आलीय," असं त्याने सांगितलं, तेही नवऱ्याला.

तेल बदललं, बाटली ओतली. आता मोकळ्या जागेत इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी फिरवायची होती, म्हणजे औषध चकत्यांत शिरतं. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात मोकळी जागा कुठली? जीप सरळ आबांच्या खळ्यावर नेली आणि मळणीच्या बैलासारखी फिरवत राहिले. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. कुरकुर कमी झाली, मग उरलीच नाही. मी इंजिन बंद केलं.

"ऐकलंत ना? गेला आवाज. घ्या दवाखान्याची पिशवी."

आबा उठले नाहीत.

"हितं डोळं नसलं तरी चालतंय, बाय. गोठा कुटं, हिर कुटं, पायाला ठावं हाय. आपरेशन बिगाडलं तर तू मला तुज्या फ्लॅटातच ठिवणार. तितं मोरी कुटं, त्ये बी इचारावं लागंल."

इतके दिवस मी जीपवर चिडले होते, मेकॅनिकवर, नवऱ्यावर. आता चिडायला कोणी उरलं नाही.

"बिगाडलं तरी हितंच आणून सोडशील?"

आंधळ्या बापाला या डोंगरात एकटं सोडणं मला जमणार नव्हतं. आणि नाही म्हटलं असतं तर ते ओट्यावरून हलले नसते.

"सोडीन," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग पिशवी घेऊन चाचपडत जीपमध्ये बसले. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता, हे त्या दिवशी बरंच झालं.