सीट कुणाच्या मापाची

“परवा माझं माप घेतलंस, कागदावर लिहिलंस. मग तो कागद अजून तुझ्या पिशवीत कसा?” बाबांचा आवाज चढला होता.

“द्यावासा वाटला नाही,” आत्या म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्यातच राहायची. पस्तीस वर्षं तिने एकाच कारखान्यात सीटा शिवल्या. आधी बसच्या, मग विमानांच्या, शेवटी अंतराळ सहलीच्या यानांच्या. निवृत्त होताना कारखान्याने तिला सहलीतली एक जागा दिली: दोन दिवस प्रशिक्षण आणि मग पृथ्वीला एक फेरी. ती जागा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत होती. यानातली सीट मात्र ज्याच्या-त्याच्या पाठीच्या मापाने बनायची आणि ते माप शनिवारी दुपारच्या आत पोचायला हवं होतं. आज शुक्रवार. बाबांनी ऑफिसभर सांगून टाकलं होतं. ताई देणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा.

“तुला साध्या घाटात मळमळतं, ताई. आणि आता हे काही नवलाचं राहिलं नाही. दोन-चार वर्षांत कुणीही जाईल. तू तेव्हा जा.”

“मग तू थांब की,” आत्या म्हणाली.

आईने गॅस बारीक केला. बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी लहान असताना गल्लीतलं कुणी विमानाने निघालं, की अख्खी गल्ली रस्त्यावर यायची. परवा कोपऱ्यावरचा औषधवाला बायकोला घेऊन पृथ्वीला फेरी मारून आला, तर दूधवाल्याने एवढंच विचारलं, की दूध किती दिवस बंद ठेवू.

“लहानपणापासून मला जायचं होतं. तुला ठाऊक आहे,” बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले.

“ठाऊक आहे. तू टेबलाचं यान करून वर बसायचास. मी खाली बसून उलटे आकडे मोजायची.”

आत्या पंधरा वर्षांची असताना आजोबा गेले, तेव्हा तिने शाळा सोडली, ती बाबांची सुटू नये म्हणून. याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि आम्हीही तिला बोलायला लावलं नाही. बसमधली खिडकी बाबांची, हे इतकं जुनं झालं होतं, की आत्या बसमध्ये चढली की आपोआप खिडकी सोडून बसायची.

शाळेला सुट्टी असली की मी तिचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. रेक्झिनचा वास, काथ्याची धूळ, आणि हातभर लांब दाभणाने टाके घालणारी आत्या. शिवून झालेल्या प्रत्येक सीटवर ती स्वतः बसून बघायची. डोळे मिटून, पाठ टेकून. कुठे टोचलं तर उठून खडूने तिथे फुली मारायची. मी गेले की मला शेजारी बसवायची. सीट जमिनीवर, भोवती बस नाहीच. “कुठे जायचं बाईसाहेबांना?” मी ठोकून द्यायचे काहीतरी. ती क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, “चला उतरा, आलं.” मला ते फार खरं वाटायचं.

बाबा पेपर घेऊन आत गेल्यावर मी आत्याजवळ बसले आणि विचारलं, की तिला खरंच जायचंय की नुसती चिडली आहे.

तिने बाबांच्या शर्टाची कॉलर नीट केली. “पस्तीस वर्षं सीटांवर बसून बघितलं,” ती म्हणाली. “एकही जागची हलली नाही.”

सकाळी ती कामावर जायची तशीच साडेआठला कारखान्याकडे निघाली. पिशवीत टेप होता. बाबांच्या मापाचा कागद टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली दाबून ठेवलेला. तो सगळ्यांनी बघितला आणि कुणीच उचलला नाही.

ती परतली तेव्हा आम्ही जेवत होतो. तिने चपला काढल्या, हात धुतले, ताट घेतलं.

“दिलंस?” बाबांनी विचारलं.

“माझं दिलं. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला मी जाणार आहे.”