रियाध ते जेद्दा, पोटात रोमन रथ

एक्याण्णव सालच्या आखाती युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा माझी बायको नीलिमा म्हणाली, "मुक्ताला घेऊन जेद्दाला जाऊ या. इब्राहिमभाई केव्हापासून बोलावतायत." इब्राहिमभाई श्रीवर्धनचे, जेद्दात मसाल्याचे व्यापारी, आमचे जुने स्नेही. बँकेतून रजा मिळाली आणि सकाळीच निघालो.

हा प्रवास आजही गाडीनं करण्यासारखा आहे; रस्ता: सरळ, रुंद, दोन्हीकडे वाळू. टाकी मात्र दिसेल त्या पंपावर भरून घ्या. तेव्हा समोरून लष्करी ट्रकांची रांग संपत नव्हती. सायरननं धास्तावलेली आमची पाच वर्षांची लेक मुक्ता मागच्या सीटवर होती. हातात माझ्या संग्रहातलं तिचं लाडकं नाणं, रोमन प्रजासत्ताकाचा चांदीचा देनारियस. चार आण्याएवढा, त्यावर उधळलेल्या घोड्यांचा रथ.

ताइफच्या अलीकडे कबसा, म्हणजे इकडचा मसालेदार मटण-भात, खायला थांबलो.

"मुक्ता, नाणं दे आणि हात धू."

"पपा, हॉर्स अंदर चला गया." तिनं पोटावर हात ठेवला.

रोमन लोक काही देनारियसांच्या कडेला मुद्दाम खाचा पाडत. याची कड करवतीसारखी दातेरी होती.

ताइफच्या इस्पितळात कितीतरी खाटा युद्धातल्या जखमींसाठी राखून ठेवलेल्या. तरी हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पांढरी चकती. मी कडेबद्दल सांगितलं तशा त्या वाकून बघत राहिल्या.

"दाँत तो घिस चुके हैं," त्या म्हणाल्या. "कितने हाथों से गुज़रा होगा! पेट में उतर गया है, निकल जाएगा. दर्द हो या खून दिखे, तो फ़ौरन अस्पताल."

हदाचा घाट उतरताना कठड्यावर माकडांच्या टोळ्या दिसतात. आम्ही बघितल्या नाहीत. नीलिमा दर वळणाला विचारायची, "दुखतंय का गं?" उत्तर एकच, "नो, मम्मा." घाट उतरल्यावर मक्केचा फाटा सोडून बिगर-मुस्लिमांसाठीच्या वळणरस्त्याची पाटी बघून तो रस्ता धरला आणि जेद्दा गाठलं.

इब्राहिमभाईंच्या बेगमनं मुक्ताला केळी आणि तांदळाची भाकरी भरवली. दोन दिवस आम्ही दोघं नुसते तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "अहो, आला तुमचा रथ!"

"खलास!" इब्राहिमभाई टाळी वाजवून हसले. "आता पोरीला सुरमई खाऊ द्या." मी धावत गेलो, तर नीलिमा भिंतीला टेकून हसत होती आणि रडतही होती. मुक्ता विचारत होती, "मैं धो दूँ?"

लढाई थांबल्यावर रियाधच्या घरी परतलो. खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या खरवडताना नीलिमा म्हणाली, "यापुढे पोस्टाची तिकिटं जमवा." ते काही जमलं नाही. झिजलेलं नाणं दिसलं की बाकीचे संग्राहक हळहळतात, बाजूला सारतात. मी तेच आधी उचलतो.