साडूची पाटी आणि माझं उसनं बारदान

१९४७ साल. माझं वय तेहतीस. बेलापूरच्या पेठेत माझं दोरखंडाचं आणि बारदानाचं दुकान होतं. मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, दावी, सुतळी, आणि गुळाला-धान्याला लागणारी रिकामी पोती. समोर रस्ता ओलांडला की माझ्या साडूचा तेलाचा घाणा. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका सासऱ्याचे दोन जावई, आणि तेही समोरासमोर बसलेले. ही जागा सासऱ्यांनीच मला बघून दिली होती. त्याबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

साडू मराठी सातवी पास. मी दुसरीतून शाळा सोडली. मास्तरानं एकदा विनाकारण छडी मारली, दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तो गेलोच नाही. सासुरवाडीला पंगत बसली की पहिलं ताट साडूचं. कुणी कागद घेऊन आलं की वाचायला त्याच्याकडं. लढाईच्या दिवसांत त्याच्या एका घाण्याचे दोन घाणे झाले. माझंही वाईट नव्हतं. पोत्यांची टंचाई होती आणि माझ्याकडं पोती होती. पण समोर नजर गेली की माझं बरं चाललेलं मला बरं वाटेना.

आदल्या साली सरकारनं विक्रीकर नवाच आणला होता. वर्षाची विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली तर सरकारात नाव नोंदवायचं, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा आणि नेऊन भरायचा. पेठेत घबराट उडाली. कुणी म्हणे दुकानाला कुलूप लावतील, कुणी म्हणे बैल ओढून नेतील. तेव्हा साडूनं केडगावाहून एक गृहस्थ आणले. नगरच्या कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. बाजाराच्या दिवशी गाडीनं स्टेशनावर उतरायचे, टांग्यानं गावात यायचे आणि साडूच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे. लहान लहान दुकानदार एकेक करून जायचे आणि आपली अडचण सांगायचे.

मी जात नव्हतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि साडूच्या ओट्यावर बिनबोलावता चढायला मी काही मागायला निघालो नव्हतो. पण रस्ता अरुंद, भाऊसाहेबांचा आवाज खणखणीत आणि माझे कान चांगले. हातात सुतळीचा गुंडा घेऊन बसायचं आणि ऐकायचं.

त्यांचं सांगणं साधं असायचं. दुकानाचा गल्ला निराळा ठेवा आणि घरखर्चाचा डबा निराळा. बायकोनं मिठाला पैसे मागितले आणि ते गल्ल्यातून दिले, तर तसं लिहून ठेवा. करापोटी गिऱ्हाइकानं दिलेला पैसा तुमचा नाही, ती सरकारची ठेव आहे, त्यातून म्हैस घेऊ नका. माल कुठून आणला, काय भावानं आणला, त्याची पावती सांभाळा. त्याच संध्याकाळी मी घरात दुसरा डबा आणला आणि पावत्या तारेत ओवून टांगल्या. बायकोनं विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हणालो, मला काय डोकं नाही का?

आता खरी आग कशाची होती ते सांगतो. साडूला कर लागला आणि मला लागला नाही. माझी विक्री त्या आकड्याच्या आत राहत होती. पेठेतली माणसं त्याला म्हणायची, "आता काय बाबा, सरकार सवता तुमच्याकडं पैसं मागाया येतंय." मग तो कपाळाला हात लावायचा, आणि त्या हाताखाली त्याचं तोंड असं खुललेलं असायचं की मला माझ्या दुकानात बसवेना. एकदा भाऊसाहेब रस्त्यानं जाता जाता मला म्हणाले, "शेठ, तुम्हाला कराची काळजी नाही, तुम्ही मर्यादेच्या आत आहात." चांगल्या मनानं बोलले. पण ते चार दुकानांना ऐकू गेलं. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात गावाबाहेर कडब्याची मोठी गंज पेटली. वारा गावाच्या अंगाला असता तर पेठ राहिली नसती. पुढच्या बाजाराला भाऊसाहेबांनी आगीच्या विम्याचं काढलं. कंपनीला दरवर्षी हप्ता द्यायचा, माल जळाला तर कंपनी भरून देते. लोकांनी माना हलवल्या आणि घरी गेले. साडूनं मात्र उतरवला. महिन्याभरात त्याच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पत्र्याची पाटी ठोकली गेली. निळ्या रंगाची, वर पांढरी अक्षरं. ऊन पडलं की चमकायची, आणि तिची तिरीप नेमकी माझ्या गल्ल्यावर.

"आक्काच्या दाराला पाटी लागली, बगितली का?" बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं.

"रोज बगतो. दुसरं काय दिसतंय का तिथनं?"

"दाजींनी इमा उतरवलाय म्हनं. घाना जळाला तर कंपनी भरून देनार."

"मग जळू दे की."

"आवं, काय बोलता? आक्का हाय माजी तिथं."

"आक्काला आदी भाईर काडू."

ती हसली नाही. म्हणाली, "आपलं सगळं त्या दुकानात हाय. दोर अन् पोती, एक ठिनगी पडली तर चुलीला भांडं ऱ्हायचं न्हाई. दाजींचं सोडा, आपला बी इमा उतरवा." तिचं बरोबर होतं. शेत नव्हतं, दुसरी मिळकत नव्हती. होतं ते सगळं त्या चार भिंतींत, आणि तेही काडीला काडी लागली तर पेटणारं. पण ती आधी 'दाजी' म्हणाली आणि मग 'आपला' म्हणाली, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

बाजार उठल्यावर मी वेशीपाशी भाऊसाहेबांचा टांगा अडवला.

"मला बी इमा उतरवायचाय."

"उत्तम. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस घेऊन येतो. तो माल मोजेल आणि त्यावरून रक्कम ठरेल."

"साडूची रक्कम कितीची हाय?"

"एकाच्या घरातलं मी दुसऱ्याच्या घरात सांगत नाही," ते म्हणाले. "जेवढा माल आहे तेवढा दाखवा म्हणजे झालं."

जेवढा माल आहे तेवढा. मी सबंध रस्ताभर तेच घोळवत आलो. माझा माल किती ते मला माहीत होतं, साडूला माहीत होतं आणि पेठेला माहीत होतं.

आमच्याकडं सोयरिकीला पाहुणे यायचे म्हटलं की शेजारची दुभती म्हैस आपल्या गोठ्यात येते आणि चुलत्याची तांब्याची भांडी आपल्या फळीवर बसतात. पाहुणे गेले की म्हैस परत, भांडी परत. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पाहुण्यांनाही ठाऊक असतं, कारण त्यांनीही घरी तेच केलेलं असतं. मी त्याच रिवाजानं चाललो. गुळाच्या दोन अडत्यांकडून त्यांचं रिकामं बारदान चार दिवसांसाठी मागून आणलं. दोर वळणाऱ्यांकडून नाडे आणले. दुकान आढ्याला भिडलं. मला आत जायला आडवं व्हावं लागे.

बायको दारात उभी राहून बघत होती. "इमेवाला काय पोरगी बगाया येतोय का?"

"येतोय म्हन."

"अन् पसंत पडली तर?"

मी पुढची थप्पी रचायला लागलो. त्यात उत्तर देण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

कंपनीचा माणूस आला. पाटलोण घातलेला, तरुण, कपाळावर घाम. भाऊसाहेब बरोबर होते. पेठेतली चार माणसं जमली आणि साडूही घाणा सोडून आला, दाराला टेकून उभा राहिला. तो तरुण थप्प्या मोजत चालला. मोजता मोजता दमला. मी मुद्दाम मागच्या अंगाच्याही दाखवल्या.

"हा सगळा माल आपलाच ना?"

"माज्याच दुकानात हाय की."

शेवटी त्यानं हिशेब करून रक्कम सांगितली. मोठ्यानं सांगितली, देव त्याचं भलं करो. साडूचं तोंड घाण्यातून निघालेल्या पेंडीसारखं झालं. एवढ्यावरून मला त्याची रक्कम कळली. निदान माझ्याहून खाली होती एवढं कळलं.

"पावनं, एवडा माल कवा भरला?" तो म्हणाला.

"तुमी घान्याभवती फिरत हुता तवा."

माणसं हसली. त्याचं तसं पडलेलं तोंड मी लग्नापासून बघितलं नव्हतं. वर कंपनीचा माणूस म्हणाला, "एवढा माल वर्षाला फिरत असेल तर तुम्हाला विक्रीकरातही नाव नोंदवावं लागेल." मी म्हणालो, "लागू द्या. सरकारला बी पैसं लागत्यात." असा दिवस पुन्हा आला नाही.

कागद भरून दुसऱ्या दिवशी सही करायची होती. तो तरुण आणि भाऊसाहेब स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरले होते, सकाळच्या गाडीनं निघणार होते. लोक पांगले तेव्हा भाऊसाहेब मला दुकानामागं घेऊन गेले.

"पोत्यांवर अडत्यांची निशाणं आहेत," ते म्हणाले. "तो मुलगा नवा आहे, त्यानं बघितली नाहीत. मी बघितली."

ते पुढं बोलतच राहिले.

"जळाल्यावर कंपनी काय मोजणार, राख? ती तुमच्या पावत्या मागणार. या पोत्यांच्या पावत्या तुमच्याकडं नाहीत. म्हणजे त्यांचं काही मिळणार नाही. आणि अर्जात खोटा माल लिहून सही केलीत असं निघालं, तर तुमच्या खऱ्या मालाचंही मिळणार नाही. हप्ता मात्र दरवर्षी या सगळ्यावर भराल. आणि विक्रीकर? नसलेल्या विक्रीवर कोणता कर भरणार आहात?"

"पन खरा आकडा लिवला तर साडूला कळंल."

"कळेल."

"त्यानं आताच ऐकलाय मोटा आकडा. समद्या पेठंनं ऐकलाय."

"मग शेठ, विमा दुकानाचा उतरवायचा की साडूचा, ते सकाळपर्यंत ठरवा," असं म्हणून ते टांग्यात बसले. मला त्यांचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसला.

मी ठरवलं होतं की सही मोठ्याच आकड्यावर करायची. जळतंय कशाला? इतकी वर्षं जळलं नव्हतं. साडूला ते तोंड पुन्हा सावरू द्यायचं नाही, एवढंच पक्कं होतं. दिवेलागणीला बायको दुकानात आली, तिच्या हातात चिमणी होती.

"ही पोती अडत्यांची ना?"

"व्हय."

"आन् आज इथं जळली तर त्येंची भरपाई कोन करनार? आपुनच ना?"

मी चिमणीकडं बघितलं. ती तिनं नेहमीप्रमाणं खुंटीला लावायला उचलली होती. खुंटीच्या दोन हातांवर अडत्याच्या पोत्यांची थप्पी होती.

"ती भाईर ने," मी म्हणालो.

"अंदारात बसनार?"

"बसतो. ने भाईर."

एक गिऱ्हाईक विडी ओढत ओट्यावर चढलं, दावं घ्यायला आलेलं. मी त्याला दावं न देता हाकललं. म्हणालं, "काय झालं शेठ, माजी विडी रोज चालती की." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दुकान भरलेलं होतं, आणि पहिल्यांदा मी त्यात भीत भीत बसलो होतो. माझा माल जळला असता तर मी रस्त्यावर आलो असतो. हा जळला असता तर रस्त्यावर येऊन वर अडत्यांच्या दारात उभा राहिलो असतो. आणि समोरच्या ओट्यावरून ते कुणी बघितलं असतं, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी भाड्याची बैलगाडी जुंपली आणि उसनं बारदान भरायला लागलो. मागच्या गल्लीनं नेता आलं असतं. नेलं नाही. चोरून नेलं असतं तर पेठेला चोरी वाटली असती. पेठेतूनच नेलं, साडूच्या ओट्यासमोरून. तो दात घाशीत उभा होता.

"काय पावनं, माल कुटं निगाला?"

"ज्याचा त्याला."

त्याचं तोंड सावरलं. दिसलंच मला. पण मी बैल थांबवले नाहीत. अडत्यांची पोती त्यांच्या पडवीत उतरवली, दोरवाल्यांचे नाडे पोचते केले आणि रिकामी गाडी तशीच स्टेशनाकडं हाणली. कंपनीचा तरुण ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होता, भाऊसाहेब शेजारी होते. त्यानं कागद पुढं केला.

"हा आकडा खोटा हाय," मी म्हणालो. "निम्म्याहून जास्त माल लोकांचा हुता. आज पुन्ना मोजा."

"बरं, तुम्ही तोंडानं सांगा, मी दुरुस्त करतो. गाडी यायची वेळ झाली."

"तोंडानं न्हाई. मोजायचं."

"अहो, गाडी..."

मी त्याची ट्रंक उचलून बैलगाडीत ठेवली. तो भाऊसाहेबांकडं बघायला लागला. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, दुपारचीही एक गाडी आहे," आणि आधी तेच माझ्या गाडीत चढले.

मी त्या दोघांना पेठेतून, सगळ्यांच्या देखत, हळू बैलांनी आणलं. माझ्या दुकानात त्या दिवशी उभ्यानं फिरता येत होतं. तरुणानं एकेक थप्पी मोजली, तारेतल्या पावत्या बघितल्या आणि छोटा आकडा लिहिला. मी दुसरीच्या अक्षरात सही केली. साडू ओट्यावर उभा राहून सगळं बघत होता, तांबडं फुटल्यापासूनचा मिसरीचा हात अजून तोंडातच होता. त्याचा घाणा कंपनीनं एकदा मोजला होता. माझं दुकान दोनदा मोजलं.