आजीच्या हनुवटीखाली हात

लातूरच्या क्लासला निघालो तेव्हा अहमदपूरच्या स्टँडवर आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. कंडक्टरनं घंटी मारली. तिनं टाचा उंचावून हात आत घातला, माझी हनुवटी धरली आणि काहीतरी सांगायला गेली. बोलणं आलंच नाही. तिनं हात मागं घेतला आणि पदर तोंडाला लावला. लातूर काही लांब नाही, तरी मी अर्ध्या वाटेपर्यंत रुमालात तोंड घालून बसलो होतो.

मग लातूरहून पुणं आणि पुण्याहून इंग्लंडातलं लेस्टर. तुमच्यापैकी जे असे निघाले त्यांना ठाऊकच आहे, हळूहळू गाव रविवारच्या व्हिडिओ कॉलपुरतं उरतं. आमचं तेवढंही धड नव्हतं. माझी मुलगी ओवी इथंच जन्मली, इथल्याच शाळेत जाते. मराठी तिला तुकड्यातुकड्यानं कळायची. स्क्रीनवर आजी दिसली की ‘हाय आजी’ म्हणायची आणि सोफ्यामागं पसार. आई रिकाम्या सोफ्याकडं बघत हसायची. एकदा म्हणाली, “पोरगी गावाकडं आली तर माझ्यापाशी येईल का रे? का पाव्हण्यावानी लांबूनच बघंल?” मी “येईल की” म्हणालो. माझी मलाच खात्री नव्हती, आणि ते फार लागलं.

वाट निघाली ती शाळेच्या अभ्यासातून. ओवीला इंग्रजी शब्दांतले सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, मोजायचे होते. बाईंनी युक्ती शिकवली होती: हनुवटीखाली तळहात आडवा धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके सिलॅबल. ‘स्कूल’ला एकदा, ‘टायगर’ला दोनदा, ‘बनाना’ला तीनदा. फोनवर आई होतीच. आम्ही काही सांगायच्या आत तिनंही हनुवटीखाली हात धरला आणि म्हणाली, “इस्कूल.”

“टू!” ओवी ओरडली. “आजी, वन पाहिजे!”

“आमच्यात दोनदाच हलती, माय. तुमच्यात थंडी लई, लोक तोंड कमी उघडत असतेत.”

ओवी सोफ्यावर लोळून हसली. त्या रविवारी फोन तिनं स्वतःकडंच ठेवून घेतला. पुढं आई आठवडाभर शब्द जमवून ठेवायला लागली: बिस्किट, टेलिव्हिजन, मेडिकलमधून आणलेलं पॅरासिटामॉल. या शेवटच्या शब्दानं दोघींच्या हनुवट्या दुखायच्या. मोजता मोजता भाकरी आली, चिंच आली, ‘काय करायलीस’ आलं. मला मध्ये कुणी विचारीना, आणि मला कोण आनंद!

यंदा सुट्टीत गेलो. दारात ऑटो थांबला तशी ओवी उतरून धावली आणि थेट आजीच्या हनुवटीखाली हात धरून उभी राहिली. “बोल आजी!” आईनं तिच्या तळहातावर हनुवटी टेकवली. म्हणाली, “आली गं माझी इंग्रजीण!”

दिवस भुर्रकन गेले. हैदराबादहून सुटणाऱ्या विमानासाठी गाडी दारात आली. आम्ही बसलो, आई खिडकीशी आली. या वेळी खिडकीतून हात बाहेर गेला तो ओवीचा. तिनं तो आजीच्या हनुवटीखाली धरला आणि वाट बघत राहिली. आईचे ओठ घट्ट मिटलेले.

“बाबा,” ओवी म्हणाली, “आजी बोलत नाही, पण हनुवटी हलायली!”

आईला रडता रडता हसू फुटलं. “मोज की मग,” ती म्हणाली.

ओवी खरंच मोजायला लागली. ड्रायव्हर बिचारा थांबला. घर कुठलं, असं इथं लेस्टरला कुणी विचारलं की मी अहमदपूर सांगतो. डोळ्यांपुढं मात्र पोरीचा तो तळहात येतो, आणि त्यावर थरथरणारी माझ्या आईची हनुवटी.