ताईच्या रिसेप्शनचा लेहंगा
गरम इस्त्रीखाली कोशाच्या रेशमाचा वास सुटला की मला ताईचं रिसेप्शन आठवतं. फॅशन डिझाइन शिकून मी नुकतीच भिलाईला परतले होते आणि दिवाळीपासून खपून तिचा कोशाचा लेहंगा मीच केला होता. बाबांचा जवळच रसमड्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना, त्यामुळे पाहुणे सगळे बडे. त्या संध्याकाळी ताई खोलीबाहेर आली ती दिल्लीहून मागवलेल्या लेहंग्यात. "माह्यावाला कावून नाही घातला?" मी विचारलं. आई हळूच म्हणाली, "लोक म्हणतीन, पोरीकडून घरीच शिवून घेतला. तुह्या बाबाले कसं वाटन?" तेवढ्यात ताईच्या चोळीचा हूक तुटला. सुईदोरा मीच आणला. तिच्या मागे उभं राहून हूक पक्का शिवला. ताई मान खाली घालून उभी होती. आता वैशाली नगरातल्या माझ्या लेहंग्यांच्या दुकानात लग्नाच्या मुलींना घेऊन त्यांच्या आया येतात. माझी आई अजून आलेली नाही.