व्याह्याची नाव आणि माझा रविवार

माझ्या व्याह्याने नाव घेतली आणि माझे रविवार गेले.

आधी नात सकाळीच माझ्या खाटेवर येऊन बसायची. "आबा, चला ना," म्हणायची, आणि आम्ही नवागामच्या गल्लीतून नाक्यावर लोचो खायला जायचो. मी चौथी शिकलेला, सारी उमर कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर गेली, पण त्या पोरीला वाटायचं की आबाला सगळं येतं. आता ती शनिवारीच पिशवी भरते. नानाकडे जायचं, शिडाच्या नावेत बसायचं. नाना म्हणजे माझा व्याही, सुनेचा बाप. बँकेतून निवृत्त झालेला. नोकरीत कोकणात बदली होती तेव्हा शीड हाकायला शिकला म्हणे.

"नाव त्यासनी, अन् पोट तुमनं दुखस," आमची म्हातारी म्हणाली. दुखत होतं. खोटं कशाला बोलू?

तरी नाव घेताना त्याने मला बोलावलं होतं. तापीच्या मुखाकडे, मगदल्ल्याच्या काठावर दोन जुन्या नावा विकायला होत्या. एक लाकडाची, भरदार, खाली खोल कणा असलेली. दुसरी फायबरची, चपट्या बुडाची, मधली फळी वर ओढून घेता येणारी. मी लाकडाच्या नावेवर थाप मारली. "ही घ्या. हिला वजन आहे. ती तर परात दिसते." व्याही हसला, तिथल्या मासेमारांशी बोलला आणि परातच घेतली. म्हणे ओहोटीला इथे नुसता गाळ राहतो, खोल कण्याची नाव आडवी पडते, ही गाळावर बसून राहील. मला विचारायचं आणि ऐकायचं दुसऱ्याचं! मग मी बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही.

मागच्या रविवारी गेलो, ते नात हट्टाला पेटली म्हणून. ती आणि सून काठावर शिंपले वेचत होत्या. आम्ही दोघं नावेत. व्याह्याने नांगर टाकला आणि दोर सोडत बसला. सोडतोय, सोडतोय, थांबायचं नाव नाही.

"व्याहीबुवा, नाव बांधताय की शेळी चरायला सोडताय?"

"भरती चढेल तसा दोर लागतो. आखूड राहिला तर नांगर उचलला जातो."

"ताण मला शिकवू नका. जन्मभर ताणे बांधलेत मी. सैल राहिलं की माल खराब. आखडा."

त्याने दोर सोडायचं थांबवलं. आमच्यात मुलीचा बाप मुलाच्या बापाचा शब्द मोडत नाही, हे त्याला माहीत आणि मलाही. "तुम्ही म्हणता तसं," म्हणाला आणि दोर ओढून घट्ट बांधला. त्या परातीनंतर माझा एक शब्द तरी राहिला, म्हणून मला बरं वाटलं.

एका मासेमाराच्या होडीतून काठावर आलो. भरीत-भाकरी खायला बसलो. पाणी चढायला लागलं तसं नावेचं नाक खाली ओढलं गेलं, मागचा भाग वर आला. व्याही हातातली भाकरी टाकून उठला. तेवढ्यात नांगर गाळातून सुटला आणि नाव भरतीबरोबर वर, शहराकडे निघाली.

"नाना, बोट गई!" पोरगी ओरडली.

मासेमारांनी इंजिनवाली होडी काढली आणि नाव धरून आणली. त्यातला म्हातारा वैतागला होता. "आ कोणे बांधी'ती?"

"मी," व्याही म्हणाला. "गाळ मऊ होता, नांगराने धरलं नाही."

नात त्याच्याजवळ गेली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "नाना, होतं असं. टेन्शन नको घेऊ."

मला नाही ते सोसवलं. चूक माझी, आणि तो हात त्याला? नाव त्याची, रविवार त्याचा, आता माझी चूकसुद्धा त्याचीच?

"दोर मी आखडायला लावला!" मी एवढ्या मोठ्याने बोललो की सून दचकली. "हा नको म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसली. "आबा, बोट काय लूम आहे?" व्याहीही हसला. हसत हसत ती माझ्याजवळ आली, माझं बोट धरलं. पण दुसऱ्या हातात नानाचा हात होताच, तो काही सोडला नाही.

येत्या रविवारी मी जाणार आहे. दोर मीच सोडणार. किती सोडायचा ते व्याह्याला मात्र विचारणार नाही. त्या म्हाताऱ्या मासेमाराला विचारीन.