पश्चिमेला कोण राहत होतं

दहावीला आम्हाला इतिहासात अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या इंग्रज वसाहतींचा धडा होता. त्यातली एक प्लिमथ. ‘या वसाहतीच्या चतुःसीमा लिहा’ हा प्रश्न बोर्डाला हमखास येतो म्हणून सरांनी गाईडमधलं उत्तर फळ्यावर उतरवून दिलं होतं. पूर्वेस समुद्र, उत्तरेस दुसरी इंग्रज वसाहत, दक्षिणेस समुद्र, पश्चिमेस निर्जन अरण्य.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, माझे वडील, अप्पा, हैदराबादहून गावी आले होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते मेंढरं राखायचे. मग आमच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं, आत निलगिरी लावली, आणि फाटकावर पाटी आली : पडीक जमीन. मेंढरं विकून अप्पा हैदराबादला बांधकामावर जायला लागले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्यानं पाठ करायला लागले की ते जवळ येऊन बसायचे.

मी धडा पहिल्यापासून म्हणत होते. थंडीत निम्मे लोक मेले, मग तिथल्या माणसांनी मका लावायला शिकवलं, बियांच्या बुडाशी मासळी पुरायला सांगितली. पुढं चतुःसीमा आल्या आणि अप्पांनी मला थांबवलं.

“मावळतीकडं कोन म्हनलीस?”

“कुनी न्हाई. जंगल.”

“मग मका कुनी शिकवला? जंगलानं?”

अप्पांचा आवाज चढला. “मानसं व्हती की! कामून न्हाई लिवलं? सरला इचार.”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. सर बीदरचे, अधिकाऱ्यांच्या घरातले, शिकवायचे छान. ते हसले. “पुस्तकात आहे तेवढं लिही. फाटे फोडू नकोस.”

अप्पांना हे सांगितल्यावर ते गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण शनिवारी शाळा सुटल्यावर ते मला घेऊन बीदरच्या एसटीत बसले. वाचनालय कुठं आहे ते विचारत विचारत आम्ही पोचलो. तिथले म्हातारे चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, “क्या होना बेटा?” मी सांगितलं. अप्पा दारातच उभे होते. त्यांना खुर्चीवर बसवून चाचांनी इंग्रजी जाडजूड पुस्तकं एकेक करून काढली. चौथ्या पुस्तकात नकाशा सापडला. पश्चिमेला, जंगल म्हटलं होतं तिथंच, एक नाव छापलेलं होतं. चाचांनी ते चारदा उच्चारून पाहिलं आणि मी वहीत देवनागरीत लिहिलं : वाम्पानोआग. त्यांची गावं होती, शेतं होती. परतीच्या वाटेवर अप्पांनी ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

चाचणीत तोच प्रश्न आला. मी लिहिलं, पश्चिमेस वाम्पानोआग लोकांची गावं. सरांनी लाल रेघ मारली आणि पेपर वाटताना माझा कागद वर धरला. “मेंढरं वळणारे आता आम्हाला भूगोल शिकवणार!” वर्ग हसला. माझ्या शेजारची मैत्रीणसुद्धा हसली. माझे कान तापले. मी उभी राहून म्हणाले, “सर, नकाशात आहे. मी बघून आलेय.”

“बस खाली.”

अप्पांचा जायचा दिवस होता, तरी ते शाळेत आले. पायताण बाहेर काढून सरांसमोर उभे राहिले. “पोरीचं चुकलं असंल तर दाखवा, सर.”

“चुकलंय असं नाही हो,” सर म्हणाले. “पण गाईडमध्ये तसं नाही. मार्क जातील तिचे. तिच्या भल्याचंच सांगतोय.”

“बरोबर हाय, आन् मार्क न्हाईत?”

सरांनी पुढचं काही ऐकून घेतलं नाही, दुसऱ्या वर्गावर निघून गेले. हरलेला माणूस दुसऱ्या वर्गावर जातो आणि बरोबर असलेला माणूस पायताण हातात घेऊन फाटकाबाहेर पडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. आज मी स्वतः शिक्षिका आहे, तरी तो राग गेलेला नाही. सर वाईट नव्हते, म्हणून तर जास्तच येतो.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात प्रश्न आला. मला नाव पाठ होतं, उच्चारासकट. पण फर्स्ट क्लास हवा होता, बीदरच्या कॉलेजात जायचं होतं. मी लिहिलं, पश्चिमेस निर्जन अरण्य, आणि पान उलटलं.

त्याच आठवड्यात अप्पांनी हैदराबादहून आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या फोनवर फोन केला.

“त्यो प्रश्न आल्ता का?”

“व्हय.”

“बरोबर लिवलीस नव्हं?”

“व्हय अप्पा,” मी म्हणाले.

ते इतके खूश झाले की तिथल्या गवंड्यांना ओरडून सांगायला लागले. मी फोन खाली ठेवला. खरं काय ते त्यांना कधीच सांगितलं नाही.